सुरू न होणारं छोटं पेट्रोल इंजिन: कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी

तुमची अडचण थोडक्यात अशी आहे. टू-स्ट्रोक ब्रश कटर चार-पाच महिने कोपऱ्यात उभा होता. आता दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, पण इंजिन धरत नाही. चोक लावून कधी सुरू झालंच तर हळू चालतं आणि रेस दिली की गुदमरून बंद पडतं. नवा प्लग घालून झाला, कार्बुरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू इकडेतिकडे फिरवून झाले, फरक नाही. शिवाय घरात फोर-स्ट्रोक लॉन मोवर आहे; तो सुरू होतो, पण त्याचा आवाज सारखा वरखाली होत राहतो.

आधी एक कळकळीची विनंती. स्क्रू आता फिरवू नका. मागच्या हंगामात हेच इंजिन त्याच स्क्रूंवर नीट चाललं होतं. उभ्या मशीनचे स्क्रू आपोआप फिरत नाहीत. उभ्या मशीनमध्ये पेट्रोल खराब होतं, रबर कडक पडतं, जाळीत गाळ बसतो. स्क्रू फिरवल्याने मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावर दुसरा चढतो. मग मागून बघणाऱ्याला दोन्ही सोडवत बसावं लागतं. टू-स्ट्रोकमध्ये तर धोकाही आहे. पिस्टनला मिळणारं तेल पेट्रोलातूनच येतं. एच स्क्रू (जास्त रेसला किती पेट्रोल जायचं ते ठरवणारा; एल कमी रेसला) जास्त आवळला गेला की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. इंजिन सुरू होईल, झकास पळेल, मालक खूश होईल, आणि थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला धरेल.

फिरवलेच आहेत, तर आता मूळ जागी आणा. मशीनच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच घ्या. नसेल तर एल आणि एच दोन्ही स्क्रू हलक्या हाताने, बोटांच्या जोराने, तळाला टेकेपर्यंत आवळा आणि तिथून साधारण १ ते सव्वा फेरा सोडा. जोर लावून आवळलात तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही बिघडतात. ही फक्त सुरुवातीची जागा आहे. बारीक ट्युनिंग अगदी शेवटी, सगळं साफ झाल्यावर.

आता निदान. इंजिनाला ठिणगी हवी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) हवं, पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात हवी, आणि जळालेला धूर बाहेर पडायला वाट हवी. यातलं काय कमी आहे हे अंदाजाने ठरवू नये. प्लगच सांगतो.

चोक लावून दहा-बारा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढून बघा. टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मग नवा प्लग, नवी कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) वगैरेंचा काही उपयोग नाही. टोक ओलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येतंय. एकतर ठिणगी नाही, नाहीतर पेट्रोल जास्त चढलंय. टोकावर पाण्याचे थेंब दिसले तर टाकीत पाणी गेलंय. चाललेल्या इंजिनाच्या प्लगचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळा, तेलकट, ओलसर असेल तर पेट्रोल जास्त, तेल जास्त किंवा एअर फिल्टर बंद. पांढराफटक, भाजल्यासारखा असेल तर इंजिन कोरडं चालतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. हा रंग दिसला की मशीन वापरणं तिथल्या तिथे थांबवा.

ओव्हरफ्लो झालेल्या, म्हणजे पेट्रोल जास्त चढलेल्या इंजिनासाठी दोरी ओढत राहणं हा इलाज नाही. प्लग काढा, स्विच बंद करा, मशीन उलटं करून प्लगचं भोक जमिनीकडे ठेवा आणि आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लग पुसून कोरडा करा, परत लावा, चोक पूर्ण उघडा, ट्रिगर दाबून धरा आणि ओढा. पाच-सहा ओढींत फटफटायला लागतं. पुष्कळदा मशीन बिघडलेलंच नसतं. पूर्ण चोकवर इंजिनाने एकदा ‘फट’ केलं की चोक लगेच अर्ध्यावर किंवा उघडा करायचा असतो. हा पहिला ‘फट’ हेल्मेटमुळे ऐकू येत नाही आणि माणूस पूर्ण चोकवरच ओढत राहतो. तिथे इंजिन बुडतं.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये बसवून त्याचं लोखंडी अंग सिलिंडरच्या पत्र्याला घट्ट टेकवा आणि दोरी ओढा. निळी, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, मधेच चुकणारी ठिणगी दाबाखाली टिकत नाही. हे करताना प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो हे लक्षात ठेवा. भोकात फडकं कोंबा, टाकीचं झाकण घट्ट ठेवा, आणि आत्ताच पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी ते वाळू द्या. वायरच्या मधे लावायचा साधा स्पार्क टेस्टर मिळतो, तो यापेक्षा केव्हाही बरा. प्लगचा गॅप (टोकांमधलं अंतर) बहुतेक छोट्या टू-स्ट्रोकना ०.५ ते ०.७ मिमीच्या दरम्यान असतो. नवा प्लग म्हणजे बरोबर गॅपचा प्लग असं समजू नका, फिलर गेज (मापाची पातळ पट्टी) घालून बघा.

ठिणगी नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी बंद करायच्या स्विचची बारीक वायर कॉइलवरून सोडवा आणि परत बघा. ही वायर धातूला टेकली की ठिणगी मरते, स्विचचं कामच ते आहे. हँडलमध्ये वायर कुठेतरी घासून सोलली गेली की स्विच कायम ‘बंद’ राहतो. वायर सोडवल्यावर ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे. तरीही नाही आली तर फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या फिरत्या जड चाकाचा) मॅग्नेट आणि कॉइलचे पाय यांवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मधलं अंतर साधारण ०.३ मिमी ठेवा. मध्यम जाडीचं व्हिजिटिंग कार्ड मधे घालून कॉइल मॅग्नेटला ओढू द्यायची, स्क्रू आवळायचे, कार्ड काढायचं. एवढं करूनही अंधारच असेल तर मग कॉइल बदला.

कॉम्प्रेशनचा अंदाज दोरी ओढतानाच येतो. हाताला ठसका लागायला हवा. स्विच बंद ठेवून ब्रश कटर दोरीच्या मुठीने उचला. निरोगी इंजिन दोरीवर लटकून राहतं किंवा हिसके देत खाली येतं. गेलेलं इंजिन सरळ घसरत जातं. सोप्या स्टार्टची स्प्रिंग किंवा डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (ओढताना दाब सोडणारी झडप) असेल तर ही चाचणी फसवते. गेज लावलात तर १२० ते १५० पीएसआय म्हणजे उत्तम. ९० च्या खाली असेल तर ते इंजिन सुरू व्हायलाच कुरकुर करतं.

तुमच्या मशीनबद्दल माझा कौल मात्र यातल्या कशाकडे नाही. चोकवर चालतं, रेस दिली की मरतं, आणि महिनोन्‌महिने उभं होतं: ही पेट्रोल कमी पडण्याची लक्षणं आहेत. चोक हवेची वाट अडवतो, त्यामुळे इंजिनाची ओढ पेट्रोलवर पडते आणि जास्त पेट्रोल येतं. चोकवरच चालणारं इंजिन सांगतंय की माझी पेट्रोलची वाट तुंबलीय, किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरतेय. म्हणून टाकीपासून सुरुवात करा आणि पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने पुढे जा.

पेट्रोल ओळखायला शिका. बहुतेक उत्पादक तेल मिसळलेलं पेट्रोल महिनाभरात संपवायला सांगतात आणि त्याला कारण आहे. पेट्रोलातले हलके भाग आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला तेच लागतात. उरतो तो जड, चिकट भाग. त्याचा वास वार्निशसारखा आंबूस येतो. इथेनॉल असलेलं पेट्रोल आणखी एक दगा देतं. इथेनॉल हवेतली वाफ धरतं. १० टक्के इथेनॉल असलेल्या १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ५ मिली, म्हणजे चमचाभर पाणी विरघळून राहतं; त्याहून जास्त झालं किंवा थंडी पडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही एकत्र वेगळे होऊन तळाला जातात. टाकीतला फिल्टर तळालाच पडलेला असतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याच थराचा मिळतो, आणि त्या थरात तेल जवळपास नसतं. पारदर्शक काचेच्या बरणीत टाकीतलं पेट्रोल ओता आणि १० मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले, किंवा सगळंच गढूळ दिसलं, तर ते पेट्रोल कोणत्याही इंजिनात घालू नका. ताज्यात मिसळून ‘संपवून टाकू’ हा विचारही नको.

नवं मिश्रण करताना अंदाजाने बुचं मोजू नका. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. औषधाची सिरिंज किंवा खुणांचं माप वापरा. तेलाच्या डब्यावर जॅसो एफडी किंवा आयएसओ ईजीडी दर्जा लिहिलेला बघा. बोटीच्या इंजिनांसाठीचं टीसी-डब्ल्यू३ तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं, हवेने थंड होणाऱ्या या मशीनांना ते चालत नाही. ‘थोडं तेल जास्त घातलं की इंजिन सुरक्षित’ ही समजूत मला फार ठिकाणी भेटते. जेटमधून (कार्बुरेटरमधल्या मापाच्या बारीक भोकातून) जाणाऱ्या द्रवाचं माप ठरलेलं असतं. त्यात तेल वाढलं तर पेट्रोल तेवढं घटतं, मिश्रण उलट कोरडं होतं, आणि सायलेन्सरमध्ये कार्बन चढतो तो वेगळाच. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच घाला.

टाकी रिकामी झाली की वाकवलेल्या तारेच्या आकड्याने आतला फिल्टर नळीसकट बाहेर ओढा. काळपट, चिकट किंवा दगडासारखा कडक झाला असेल तर सरळ बदला. तो धुऊन पूर्वीसारखा होत नाही. नळ्या बोटांनी वाकवून बघा. टाकीच्या भोकातून नळी जिथे जाते, नेमकी तिथेच भेग पडते आणि सहज दिसत नाही. पिवळी पडून ताठ झालेली किंवा उलट लोण्यासारखी मऊ झालेली नळी संपली असं समजा.

प्रायमरचा फुगा (सुरू करण्याआधी दाबायचा रबरी फुगा) इथे उत्तम निदान करतो. फुगा दाबून सोडला की तो पेट्रोलने भरला पाहिजे. सोडल्यावर चेपलेलाच राहिला तर मागची वाट, म्हणजे फिल्टर, नळी किंवा कार्बुरेटरच्या आतली जाळी, तुंबलीय. दाबताना दगडासारखा लागला तर टाकीकडे परत जाणारी नळी बंद आहे. दाबून दाबूनही बुडबुडेच येत राहिले तर कुठेतरी नळी फाटलीय किंवा फुग्यालाच भेग आहे. एक गैरसमजही दूर करतो: ब्रश कटर, चेन सॉ, हेज ट्रिमर यांवरचा हा फुगा बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये पेट्रोल मारत नाही, तो फक्त कार्बुरेटरमधून पेट्रोल ओढून टाकीत परत पाठवतो. जास्त दाबल्याने ओव्हरफ्लो होत नाही, कमी दाबल्याने मात्र कार्बुरेटर कोरडा राहतो. मोवरच्या काही इंजिनांवरचा फुगा वेगळा असतो, तो सरळ आत पेट्रोल मारतो. तिथे पुस्तिकेत सांगितलंय तितक्याच वेळा दाबा.

एवढ्याने काम झालं नाही तर कार्बुरेटर. हातात धरायच्या मशीनांचा कार्बुरेटर मोटारसायकलसारखा नसतो, कारण हे मशीन आडवं-उलटं कसंही चालायला हवं. त्यात तरंगणारा फ्लोट नसतो, दोन पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा, म्हणजे डायफ्राम, इंजिनाच्या क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या धडधडीने हलतो आणि पंपासारखं पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा डायफ्राम एका बारीक दांडीवर टेकतो आणि सुई उघडून गरजेपुरतं पेट्रोल आत सोडतो. हा पडदा मऊ असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. जुन्या पेट्रोलात तो पत्र्यासारखा ताठ होतो, दांडी पुरेशी दाबत नाही, आणि रेस दिल्यावर वाढलेली भूक भागत नाही. तुमच्याकडे होतंय ते बहुधा हेच. उघडून डायफ्राम बोटाने हलवलात आणि तो कागदासारखा कडकडला, तर साफसफाईत वेळ घालवू नका, डायफ्राम आणि पॅकिंगचा किट घाला.

उघडताना दर पायरीला फोटो काढा. वॉलब्रो आणि झामा या कंपन्यांच्या नेहमीच्या कार्बुरेटरमध्ये मापाच्या (सुई-दांडीच्या) बाजूला आधी पॅकिंग आणि मग डायफ्राम येतो, तर पंपाच्या बाजूला आधी डायफ्राम आणि मग पॅकिंग. ही अदलाबदल झाली की नवा किट घालूनही मशीन चालत नाही, आणि माणूस कार्बुरेटरच फेकून देतो. पंपाच्या बाजूला बोटाच्या नखाएवढी गोल जाळी असते. निम्मा कचरा तिथेच सापडतो. दांडीची उंची वाकवू नका. जेटमध्ये तार घालू नका, भोक केसभर मोठं झालं तरी माप कायमचं बिघडतं. कार्बुरेटर क्लीनर मारा, थोडं भिजू द्या, परत मारा, डोळ्यांवर चष्मा ठेवा, कारण फवारा दुसऱ्याच भोकातून उलटा येतो. कॉम्प्रेसरची हवा डायफ्राम आणि बारीक झडपा जागेवर असताना मारू नका, त्या फाटतात.

मशीन उभं असताना एअर फिल्टरकडून पेट्रोल टपकत असेल तर मात्र उलटा दोष आहे. सुईखाली कचरा अडकून ती बंद होत नाही.

आता ज्याकडे फार कमी लोक बघतात ते. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. तेलाचा कार्बन तिच्यावर थर धरतो आणि धुराची वाट बंद होते. अशा वेळी मशीन सुरू होतं, हळू नीट चालतं, पण रेस वर चढत नाही, आणि सगळे कार्बुरेटरला दोष देतात. दोन-तीन स्क्रूंचं काम आहे. थंड मशीनवर जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा. फार जाम असेल तर पेट्रोलपासून लांब नेऊन ज्योतीवर लाल करा, कार्बन झडून जातो. जाळी काढून तसंच चालवू नका. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते.

सायलेन्सर उघडलाच आहे तर दोरी हळू ओढत एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. कार्बुरेटर उघडायच्या आधीच हे करायला मी सांगेन. पिस्टन गुळगुळीत, चकचकीत असेल तर पुढचा खर्च करण्यात अर्थ आहे. उभ्या खोल रेघा, ॲल्युमिनियम फासल्यासारखे डाग दिसले तर ते इंजिन तेलाशिवाय किंवा कोरड्या मिश्रणावर चाललेलं आहे, आणि किट त्याला वाचवणार नाही. भोकाशी कार्बन जमला असेल तर पिस्टन वर आणून भोक झाकून घ्या आणि लाकडी काडीने खरवडा, म्हणजे खरवडलेलं आत पडत नाही.

‘पंधरा मिनिटं चालतं, मग बंद पडतं, थंड झालं की परत सुरू’ ही तक्रार तुमची नाही, पण साफसफाईनंतर निघू शकते म्हणून सांगतो. याची दोन कारणं जुळ्या भावांसारखी दिसतात. एक म्हणजे गरम झाल्यावर मरणारी कॉइल. दुसरं म्हणजे टाकीच्या झाकणातलं हवेचं बारीक भोक. पेट्रोल संपतं तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. भोक बंद असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मशीन बाजूला ठेवलं की हवा हळूहळू शिरते आणि ते परत चालतं, म्हणून वाटतं की थंड झाल्यामुळेच चाललं. सुरुवातीच्या काळात एका ब्रश कटरवर मी दोन दिवस घालवले. कॉइल बदलली, किट घातला, आणि शेवटी झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तेव्हा कळलं. झाकणाच्या झडपेत किड्याने मातीचं घर केलं होतं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. बंद पडल्या क्षणी, मशीन गरम असतानाच, आधी झाकण सैल करून ओढायचं. चाललं तर झाकण. नाही चाललं तर लगेच प्लग काढून ठिणगी बघायची. ठिणगी नसेल तर कॉइल. थंड झाल्यावर केलेली तपासणी इथे काहीच सांगत नाही.

आणखी एका लक्षणाला मी घाबरतो. ट्रिगर सोडला तरी रेस वरच राहते, हळूहळू खाली येते, किंवा आपोआप चढते. याचा अर्थ कार्बुरेटरच्या पुढे कुठून तरी हवा शिरतेय: कार्बुरेटर आणि सिलिंडर यांमधलं पॅकिंग, रबरी बेंड, किंवा क्रँकची ऑइल सील. मिश्रण कोरडं होतंय आणि प्रत्येक मिनिट पिस्टनला महाग पडतंय. कार्बुरेटरचे बोल्ट सैल आहेत का ते बघा, रबर वाकवून भेगा शोधा. तिथे काही सापडलं नाही तर क्रँककेसला अर्धा बार दाब देऊन गळती शोधणाऱ्या मेकॅनिककडेच न्या. स्क्रू सोडून ते झाकायचा प्रयत्न करू नका.

सगळं साफ झालं, ताजं पेट्रोल आहे, एअर फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेला स्पंज आहे किंवा नवा कागदी आहे (कागदी धुवायचा नसतो), तेव्हा आणि तेव्हाच ट्युनिंग. स्क्रूंवर मर्यादेच्या टोप्या असतील तर त्या जेवढं फिरू देतात तेवढंच फिरवा. इंजिन पाच मिनिटं गरम होऊ द्या. आधी एल: ट्रिगर झटकन दाबल्यावर इंजिन अडखळता कामा नये. अडखळलं तर एल थोडा सोडा. मग मंद गतीचा स्क्रू: पातं किंवा चेन स्थिर राहील इतपत. मंद गतीला पातं फिरत असेल आणि स्क्रू कमी करूनही थांबत नसेल तर क्लचची स्प्रिंग तुटलीय, तसं मशीन वापरू नका. शेवटी एच: पूर्ण रेसवर, भार नसताना, आवाजात किंचित घरघर, फरफर हवी. कापायला लागलं की ती नाहीशी होऊन आवाज स्वच्छ होतो. भाराशिवाय शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज येत असेल तर एच आवळलेला आहे, लगेच सोडा. इथे पाव फेऱ्याने फरक पडतो, म्हणून एका वेळी त्याच्याही निम्मा फिरवा.

जोर कमी पडतोय याचा दोष दर वेळी इंजिनाचा नसतो. गवत कापायची नायलॉनची दोरी गार्डवरची कापणी पट्टी काढून लांब सोडली तर इंजिन पूर्ण फेऱ्यांवर जातच नाही, क्लच घसरतो, तापतो. कधी मशीनच्या कापणाऱ्या डोक्याभोवती गवत गुंडाळलेलं असतं. चेन सॉमधून चिपा न पडता भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे. चेन सॉ रेस दिल्यावर गुरगुरतो पण चेन फिरत नसेल तर आधी चेन ब्रेक सोडलाय का ते बघा.

आता तुमचा मोवर. आवाज वरखाली होणं म्हणजे गव्हर्नर (इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारी यंत्रणा) बिचारा आपलं काम करतोय. मिश्रण कोरडं, इंजिन मंदावतं, गव्हर्नर थ्रॉटल (रेसची झडप) उघडतो, इंजिन पळतं, तो बंद करतो, परत तेच. गव्हर्नरच्या स्प्रिंगा ताणू नका. चोक किंचित लावल्यावर आवाज स्थिर झाला तर खात्रीच आहे की कार्बुरेटरचा बारीक जेट तुंबलाय. पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बुरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून वाटी उतरवा. तळाला पाणी, गंज, हिरवट गाळ दिसेल. पुष्कळ कार्बुरेटरमध्ये मंद गतीचा जेट वेगळा असतो, त्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. ते उजेडाकडे धरून गोल दिसलं पाहिजे. वाटीचा बोल्ट हाच मुख्य जेट असण्याचाही प्रकार आहे, त्याच्या आडव्या भोकांकडे बघा.

मोवर तिरका करताना एअर फिल्टर आणि कार्बुरेटर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं आणि पुढे पांढरा धूर. पात्याखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढून लांब बांधून ठेवा. पातं दगडावर किंवा मुळावर आदळल्यानंतर इंजिन दोरी हिसकावून घेत असेल, उलटं फटकत असेल, तर फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर जागी धरणारा छोटा तुकडा) कातरली गेलीय. ती मऊ धातूची असते ती याचसाठी, क्रँकच्या आधी तिने तुटावं म्हणून. टायमिंग सरकतं आणि ठिणगी दिसत असूनही इंजिन चालत नाही. पातं सैल असलं तरी असंच होतं, कारण छोट्या मोवरमध्ये फ्लायव्हीलचं निम्मं काम पातंच करतं. काही फोर-स्ट्रोक इंजिनांत तेल कमी झालं की सेन्सर ठिणगी तोडतो, म्हणून ठिणगी नसेल तर आधी तेलाची पातळी बघा. बरीच वर्षं वापरून दोरी ओढायला जड झाली असेल तर व्हॉल्व्हचा गॅप तपासा. होंडाच्या जीएक्स १६० ला थंड इंजिनावर आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.२० मिमी लागतो. गॅप वाढला की ओढताना दाब सोडणारी यंत्रणा नीट चालत नाही, आणि दोरी हाताला झटके देते.

हे सगळं उघड्यावर करा. बंद शेडमध्ये दोन मिनिटं इंजिन चालवणंही नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि टू-स्ट्रोक सुरू होत नाही म्हणून स्टार्टिंग स्प्रे मारू नका. त्यात तेल नसतं, पहिलेच फेरे कोरड्या पिस्टनवर होतात. अगदी बघायचंच असेल तर प्लगच्या भोकात चार-पाच थेंब तेल मिसळलेलं पेट्रोल घाला. दोन सेकंद चालून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहेत, दोष पेट्रोलच्या वाटेतच आहे.

तुमच्या ब्रश कटरला मी या क्रमाने हात लावीन: टाकी रिकामी करून बरणीत बघणं, सायलेन्सर उतरवून पिस्टन आणि जाळी, मग फिल्टर आणि नळ्या, मग डायफ्रामचा किट. पिस्टन चांगला निघाला तर बाकीचं एका दुपारचं काम आहे. पुढच्या वेळी मशीन महिन्याहून जास्त ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा, प्रायमर दाबून फुगा कोरडा करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालवा. मोवरच्या कार्बुरेटरची वाटीही खालच्या बोल्टने रिकामी करा.

पिस्टनवर रेघा दिसल्या तर किट मागवू नका. टॉर्चच्या उजेडात त्याचा फोटो काढा आणि सोबत कोणतं तेल, किती मिली घालत होतात ते लिहा, म्हणजे नुसता पिस्टन आणि रिंगा बदलून भागेल की सिलिंडरही लागेल हे बघता येईल.